लाल डोळ्यांचे भय आणि वीतरागाची दृष्टी

भयकथेतील राक्षस आठवून पाहावा. त्याचा देह, शस्त्र, निवासस्थान हे सारे कथेगणिक बदलते. परंतु एक गोष्ट सहसा बदलत नाही, ती म्हणजे त्याचे डोळे. ते लाल असतात, पिवळे असतात, कधी बुबुळाविना पांढरेफटक असतात, आणि अंधारात निखाऱ्यांसारखे जळतात. आजीच्या गोष्टींतील हडळीपासून आजच्या चित्रपटातील पिशाच्चापर्यंत, भयाची पहिली खूण कथाकार डोळ्यांच्या रंगातच ठेवतो. आपली मराठी भाषाही हेच सांगते. संतापलेल्याच्या डोळ्यांत रक्त उतरते, घाबरलेल्याचे डोळे पांढरे होतात, द्वेष करणाऱ्याच्या डोळ्यांत अंगार दिसतो.

ही कल्पना पुरातन आहे. महाभारतातील हिडिंब राक्षस पिंगट डोळ्यांचा आहे. रामायणाच्या उत्तरकांडात धनाधिपती कुबेराचा एक डोळा पिवळा झाल्याची कथा येते. हिमालयात तप करीत असता शंकराजवळ बसलेल्या देवीकडे त्याची दृष्टी गेली, देवीच्या तेजाने तो डोळा पिंगट झाला, आणि तेच त्याचे नाव पडले. ज्याच्या हाती संपत्तीचे भांडार, त्याच्याच डोळ्यावर दृष्टिदोषाची खूण असावी, ही गोष्ट व्यापारी कुळांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु एक प्रश्न येथे विचारला पाहिजे. डोळ्यांच्या रंगावरून समोरचा जीव देव की दानव, शुभ की अशुभ, हे खरोखर ओळखता येते काय? या प्रश्नावर जैन वाङ्मयाने जो विचार केला आहे, तो लोककथेहून फार वेगळा आहे, आणि आजच्या घराघरांतील काही समजुतींनाही तो स्पर्श करतो.

भूत-पिशाच्चांचे शास्त्रीय स्थान

तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत : किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच. म्हणजे ज्यांच्या नुसत्या नावाने मुले आईच्या पदराआड लपतात, ते राक्षस, भूत आणि पिशाच हे शास्त्रदृष्ट्या देवगतीतीलच जीव होत. मेलेल्या माणसाची अतृप्त छाया म्हणजे भूत, अशी व्याख्या येथे नाही. या जीवांनाही आयुष्यकर्म आहे. त्यांचे किमान आयुष्य १०,००० वर्षे सांगितले आहे. आयुष्य संपले की त्यांनाही जन्म घ्यावाच लागतो. जो स्वतः कर्माच्या बंधनात आहे, तो दुसऱ्याच्या कर्माचा स्वामी कसा होईल?

आता रंगांकडे वळू. तत्त्वार्थभाष्यात या देवांची रूपे वर्णिलेली आहेत आणि ती वाचताना लोककथेचा वाचक थबकतो. पिशाच सुरूप आणि सौम्य दर्शनाचे असून त्यांच्या हातांत व गळ्यांत मणिरत्नांची आभूषणे आहेत, असे तेथे म्हटले आहे. राक्षसांचे दर्शन मात्र भयंकर आहे, ओठ लाल व लोंबते आहेत. तरी त्यांचा वर्ण शुभ्र आहे. संग्रहणी ग्रंथांच्या परंपरेतही राक्षस आणि किंपुरुष धवल, किन्नर निळसर, तर यक्ष, गंधर्व आणि महोरग सावळे सांगितले आहेत. शुभ्र तो मंगल आणि काळा तो अमंगल, हे आपल्या मनातील सोपे गणित या एका वर्णनाने मोडून पडते. राक्षस गोरा असू शकतो आणि गंधर्व सावळा असू शकतो.

विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत रामकथेत तर याहून पुढचे पाऊल आहे. तेथील रावण हा मुळात राक्षसयोनीचा जीवच नाही. तो विद्याधर कुळातील मनुष्य आहे. राक्षस हे त्याच्या वंशाचे नाव आहे. त्याची दहा मुखे म्हणजे गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत पडलेली त्याच्याच मुखाची प्रतिबिंबे. विसाव्या डोळ्यापर्यंत मोजत बसलेल्या कल्पनेला आचार्यांनी शांतपणे दोन डोळ्यांवर आणून ठेवले आणि रावणाचा दोष त्याच्या शरीरातून काढून त्याच्या आसक्तीत दाखवला.

कामदेव श्रावकाची रात्र

तरीही आगमांत भयंकर डोळ्यांची वर्णने नाहीत असे नाही. ती आहेत, आणि कथाकाराला शोभतील अशी आहेत. उपासकदशांग सूत्रातील कामदेव श्रावकाची कथा यासाठी अवश्य वाचावी.

कामदेव हा चंपानगरीचा मोठा गृहस्थ. सहा कोटी सुवर्ण ठेव्यात, सहा कोटी व्यापारात आणि सहा कोटी घर-वैभवात, असा त्याच्या अठरा कोटींचा हिशेब सूत्रात दिला आहे. शिवाय प्रत्येकी दहा हजार गाईंची सहा गोकुळे. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकाची व्रते घेतली होती. एके रात्री तो पौषधशाळेत धर्मध्यानात असता एक मिथ्यादृष्टी देव पिशाचरूप घेऊन उभा राहिला. त्या रूपाचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे. सुपासारखे कान, पिंगट तेजाने चमकणारे केस, बाहेर आलेले डोळे, गळ्यात सरड्यांची माळ, अंगावर उंदरांच्या माळा, कानांत मुंगसांची कर्णफुले आणि उपरण्याप्रमाणे गुंडाळलेला साप. हातात निळ्या कमळासारखी तळपती तलवार. व्रते मोड, नाहीतर तुकडे करीन, ही त्याची धमकी.

कामदेव हलला नाही. मग त्या देवाने हत्तीचे रूप घेतले, त्याला सोंडेने उचलून आपटले. तेही निष्फळ झाले तेव्हा सर्पाचे रूप घेतले. काजळाच्या राशीसारखा काळा देह आणि त्यात रक्तवर्ण डोळे, विषाने आणि रोषाने भरलेले. त्या सर्पाने गळ्याला विळखा घालून दंश केला. कामदेवाने वेदना सोसली, पण व्रत सोडले नाही.

अखेर त्या देवाने आपले मूळ दिव्य रूप प्रकट केले आणि क्षमा मागितली. इंद्राने देवसभेत या श्रावकाच्या दृढतेची प्रशंसा केली होती आणि ती सहन न झाल्याने तो परीक्षा पाहण्यास आला होता. म्हणजे बाहेर आलेले डोळेही त्याचे खरे नव्हते आणि रक्तवर्ण डोळेही नव्हते. एकाच जीवाने एका रात्रीत तीन रूपे धारण केली. खरी होती ती फक्त त्याची ईर्षा. पुढे भगवंतांनी साधु-साध्वींना उद्देशून कामदेवाचे उदाहरण दिले : गृहस्थ एवढे सहन करतो, तर श्रमणांनी किती सहन करावे! अठरा कोटींच्या धन्याला हा मान त्याच्या कोटींमुळे मिळाला नाही, हे सांगावयास नकोच.

दृष्टिविष : नजरेतील विष

डोळ्यांच्या भयाची सर्वांत तीव्र कल्पना म्हणजे दृष्टिविष सर्प. ज्याच्या दाढेत विष तो आशीविष. ज्याच्या नजरेतच विष तो दृष्टिविष. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात अशा सर्पाची एक कथा येते. ती गोशालकाने आनंद नावाच्या मुनींना धमकीच्या रूपाने सांगितली आहे, परंतु व्यापाऱ्याने ती वेगळ्या अर्थाने ऐकावी.

काही वणिक गाड्यांत माल भरून एका मोठ्या अरण्यातून निघाले होते. वाटेत पाणी संपले. शोधता शोधता त्यांना चार शिखरांचे एक वारूळ दिसले. पहिले शिखर फोडले, तेव्हा निर्मळ पाणी मिळाले. सर्वांनी ते प्यायले, बैलांना पाजले, भांडी भरून घेतली. दुसरे शिखर फोडले, सोने मिळाले. तिसरे फोडले, रत्ने मिळाली. आता चौथ्यात हिरे असतील, असे म्हणून ते पुढे सरसावले. त्यांच्यातील एक हितचिंतक वणिक म्हणाला की एवढे पुरे, चौथे शिखर फोडू नये, त्यात संकट असेल. त्याचे कोणी ऐकले नाही. चौथे शिखर फुटताच आतून दृष्टिविष सर्प बाहेर आला, वारुळाच्या माथ्यावर चढला, त्याने सूर्याकडे पाहिले आणि मग निमिष न लववता त्या वणिकांकडे पाहिले. माल आणि गाड्यांसह सारे भस्म झाले. वाचला तो फक्त थांबा म्हणणारा. त्याला देवतेने सुखरूप त्याच्या नगरी पोहोचवले.

या कथेत सर्पाचे डोळे दाहक आहेत हे खरे. पण सर्प आपल्या बिळात होता. त्या नजरेपर्यंत वणिकांना नेले ते त्यांच्याच नजरेने, जी पाण्यावर तृप्त झाली नाही, सोन्यावर झाली नाही आणि रत्नांवरही झाली नाही. परिग्रह-परिमाण व्रताचा याहून स्पष्ट दृष्टान्त शोधून सापडणे कठीण.

दुसरा दृष्टिविष सर्प आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे : चंडकौशिक. कनकखल आश्रमाच्या वाटेवर त्याचा वास होता आणि त्याच्या भयाने ती वाट ओस पडली होती. भगवान महावीर त्याच वाटेने गेले. सर्पाने सूर्याकडे पाहून आपली दृष्टी तापवली आणि भगवंतांवर टाकली. काही झाले नाही. पुनःपुन्हा टाकली. अखेर पायाला दंश केला. दुधासारखे शुभ्र रक्त निघाले. भगवंतांनी त्याला शांतपणे बोध केला, आणि त्या शांत मुद्रेकडे पाहता पाहता सर्पाला पूर्वजन्माचे स्मरण झाले.

कथेचा यापुढील भाग बहुधा घाईत सांगितला जातो, पण मर्म तेथेच आहे. चंडकौशिकाचे डोळे बदलले नाहीत. त्यांतील विष नष्ट झाल्याचे कोठे म्हटलेले नाही. त्याने फक्त आपले तोंड बिळात घातले, आपली नजर चुकूनही कोणावर पडू नये म्हणून. लोकांनी आता भीती सोडून त्याच्या देहावर तूप वाहिले, तुपाला मुंग्या आल्या, त्यांनी अंग पोखरले. तो हलला नाही, आपल्या हालण्याने मुंग्या चिरडतील म्हणून. डोळे तेच राहिले, दृष्टी पालटली. जन्माने मिळालेला डोळा आणि पुरुषार्थाने मिळवलेली दृष्टी यांतील भेद इतक्या थोडक्यात अन्यत्र क्वचितच सांगितला गेला असेल.

निमिष आणि अनिमिष

देव ओळखण्याची डोळ्यांची एक खूण आपल्या परंपरेने मान्य केली आहे. परंतु ती रंगाची नाही, पापणीची आहे. देवांच्या पापण्या लवत नाहीत. नल-दमयंती आख्यानात दमयंतीने याच खुणेवरून देवांमधून नल निवडला. जैन कथांत हीच खूण रौहिणेय चोराच्या उपयोगी पडते.

भगवंतांची वाणी कधी ऐकू नकोस, असे बापाने बजावलेले असल्यामुळे रौहिणेय समवसरणाजवळून कानांत बोटे घालून जात होता. पायात काटा मोडला. तो काढण्यासाठी हात कानांवरून काढावा लागला आणि नेमकी तेवढीच वाणी कानी पडली : देवांचे पाय भूमीला टेकत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे डोळे मिटत नाहीत. पुढे तो पकडला गेला, तेव्हा मंत्री अभयकुमाराने कबुलीजबाबासाठी कृत्रिम स्वर्ग उभा केला. शुद्धीवर आलेल्या चोराला सेवकांनी सांगितले की तू देव झालास, आता पूर्वीची कृत्ये सांग. रौहिणेयाने त्यांच्या पापण्या लवताना पाहिल्या, कपाळावरचा घाम पाहिला, आणि कपट ओळखले. अनिच्छेने ऐकलेल्या चार वाक्यांनी प्राण वाचवले, तर इच्छेने ऐकलेली वाणी काय करील, या विचाराने त्याने सर्व चोऱ्या कबूल करून दीक्षा घेतली.

अंतकृद्दशांग सूत्रातील अर्जुनमाळ्याची कथाही येथे आठवते. मुद्गरपाणी यक्षाने त्याच्या देहात प्रवेश केला होता आणि राजगृहाबाहेर रोज सहा पुरुष व एका स्त्रीची हत्या होत होती. सुदर्शन श्रेष्ठी भगवंतांच्या वंदनासाठी त्याच वाटेने निघाला. यक्ष धावून आला. पण कायोत्सर्गात स्थिर झालेल्या सुदर्शनाभोवती फिरण्यापलीकडे त्याला काही करता आले नाही. तो समोर उभा राहून बराच वेळ अनिमिष नेत्रांनी त्या श्रावकाकडे पाहत राहिला, आणि मग अर्जुनाचा देह सोडून निघून गेला. येथे देवाचे न लवणारे डोळे एका व्यापाऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे हरले.

रंग कोणाचा : देहाचा की भावाचा?

जैन दर्शनाने रंगांना नाकारले नाही. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्यांच्या रूपाने त्यांना मोठे स्थान दिले आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या चौतिसाव्या अध्ययनात त्यांचे रंग उपमांनी सांगितले आहेत : तेजोलेश्या हिंगुळासारखी, उगवत्या सूर्यासारखी, पोपटाच्या चोचीसारखी, पद्मलेश्या हळदीसारखी, शुक्ललेश्या शंख, कुंदफूल आणि दुधासारखी. कृष्णलेश्येसाठी मेघ, रेड्याचे शिंग, काजळ अशा उपमा आहेत आणि त्यांतच डोळ्याच्या बाहुलीचीही उपमा आहे.

येथे थांबून विचार करावा. बाहुली काळी आहे, आणि सर्व प्रकाश तिच्यातूनच आत येतो. तिच्यासारखा रंग सर्वांत अशुभ भावाला दिला असला तरी कोणी बाहुलीला अशुभ म्हणत नाही. आणखी लक्षात घ्यावे की लाल आणि पिवळा, जे लोककथेत राक्षसाच्या डोळ्यांचे रंग आहेत, ते येथे तेजो आणि पद्म या शुभ लेश्यांचे रंग आहेत. जांभळीच्या झाडाखालील सहा पुरुषांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे : एकाला झाड मुळासकट तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला लहान फांदी, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ पिकलेली फळे, आणि सहावा खाली पडलेली वेचतो. त्या सहाजणांच्या डोळ्यांचा रंग कोणता, हे कोणी विचारत नाही. त्यांची लेश्या त्यांच्या इच्छेवरून कळते.

देहाच्या रंगाचा निर्णय कर्मग्रंथांनी स्वतंत्र केला आहे. कृष्ण, नील, लोहित, पीत आणि शुक्ल हे पाच वर्ण नामकर्माच्या उदयाने शरीराला मिळतात. नामकर्म हे अघाती कर्म होय; ते आत्म्याच्या ज्ञानादी गुणांचा घात करीत नाही. तेव्हा डोळ्यांचा रंग हे फार तर शरीराचे वर्णन होईल. जीवाच्या पात्रतेचे प्रमाणपत्र होणार नाही.

घरातील भुते

हा विचार केवळ ग्रंथांपुरता ठेवला तर त्याचा उपयोग नाही. विवाहाच्या बोलणीत मुलीचे डोळे घारे आहेत हे वाक्य अजूनही आवाज खाली करून उच्चारले जाते. एखाद्या नोकराची नजर तिरळी म्हणून त्याला सकाळी दुकानाची पहिली बोहनी करू दिली जात नाही. शेजारच्या वृद्ध एकाकी स्त्रीची नजर वाईट ठरवून बाळाला तिच्यापासून लपवले जाते. भुताच्या कथेतील डोळे अशा रीतीने जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर चिकटवले जातात, आणि ते त्यांना जन्मभर वागवावे लागतात.

वस्तुस्थिती अशी की बुबुळाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. ते अधिक असेल तर डोळे तपकिरी-काळे, कमी असेल तर घारे, करडे किंवा निळे. निळे रंगद्रव्य डोळ्यात नसतेच. प्रकाशाच्या विखुरण्याने तो रंग भासतो. जागरण, धूर, मद्य किंवा डोळे येणे यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून डोळा लाल होतो. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो. रात्री मांजर, कुत्रा, बिबट्या यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. मनुष्याला तो नसतो. अरण्यातील वाटसरूंनी पाहिलेली अनेक भुते या थराचीच असावीत. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरट चमक दिसली तर दृष्ट काढण्यात एकही दिवस न घालवता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ते गंभीर आजाराचे लक्षण असू शकते, आणि वेळीच झालेल्या उपचाराने डोळा व प्राण वाचू शकतात.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखादी व्यक्ती करणी करते किंवा सैतानाचा अवतार आहे असे भासवून तिचा छळ करणे हा त्यानुसार गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु श्रावकाला कायद्याच्या आधी आपले व्रत आठवावे. कोणावर मिथ्या दोषारोप करणे, म्हणजे अभ्याख्यान, हे अठरा पापस्थानांत मोजलेले आहे. घाऱ्या डोळ्यांवरून केलेला आरोप हे अभ्याख्यान नव्हे तर काय?

भगवंतांचे नेत्र

वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांच्या उपसर्गाचे शिल्प अनेकदा कोरलेले आहे. सभोवती विक्राळ आकृती तुटून पडत आहेत, वर धरणेंद्राचा फणा आहे, बाजूला पद्मावती छत्र धरून आहे, आणि मध्ये भगवान निश्चल उभे आहेत. शिल्पकाराने आक्रमकांच्या देहांत सारी हालचाल ओतली आणि भगवंतांच्या मुखावर काहीच घडू दिले नाही. दिगंबर परंपरेत प्रतिमेचे नेत्र अर्धोन्मीलित, नासाग्री स्थिर असतात; श्वेतांबर परंपरेत प्रतिमेला स्फटिकादींचे उघडे चक्षू बसवतात. पद्धती दोन आहेत. पण कोणत्याही प्रतिमेच्या नेत्रांत रोष नाही.

आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’च्या आरंभी वंदन केले आहे ते भगवान महावीरांच्या नेत्रांना. संदर्भ संगम देवाचा आहे. त्याने एका रात्रीत वीस उपसर्ग केले, पुढे सहा महिने पाठ सोडली नाही, आणि थकून परत निघाला. त्या क्षणी भगवंतांचे डोळे किंचित ओलावले, असे आचार्य सुचवतात. स्वतःच्या वेदनेने नव्हे. माझ्या निमित्ताने या जीवाने केवढे कर्म बांधले, या करुणेने. अपराध्याकडे पाहतानाही ज्या बाहुल्या दयेने मंदावल्या, त्या बाहुल्यांचा रंग आचार्यांनी सांगितला नाही. सांगण्याची आवश्यकताच नव्हती.

पर्युषणात आपण क्षमा मागतो ती वाणीने आणि हात जोडून. यंदा एका क्षमेची भर घालावी : ज्यांच्या डोळ्यांना आपण घारे, पिंगट, तिरळे, वाईट म्हटले, त्यांच्याकडे नीट पाहून ती मागावी. समोरच्याचे डोळे कसे आहेत हे आपल्या हाती नाही. आपण त्याच्याकडे कसे पाहावे, एवढे मात्र आहे.